लाळेला उसंत हवी

(ढाणकी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विषय निवडायची मोकळीक मला होती. लहान मुलांच्या दातांवर उपचार करणे हे माझे काम, म्हणून तोच विषय घेतला. आणि त्यातही लेकराच्या तोंडातली लाळ. कापसाचा भाव आणि पैनगंगेचे पाणी हे प्रश्न समोर असताना दोन वर्षांच्या पोराच्या लाळेवर तासभर काय बोलायचे, असे कुणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. पण आज सभेला आया आणि आज्या मोठ्या संख्येने आल्या आहेत. मला जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे त्यांच्या हातात आहे, म्हणून हा विषय याच गावात बोलावा असे मला मनापासून वाटले.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर दातांच्या आरोग्याची पाहणी केली. पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ५२ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ५४ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरच्या ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड असल्याचा अंदाज दिला आहे. एवढ्या मुलांना होणारा दुसरा आजार सांगा म्हटले तर डॉक्टरांनाही विचार करावा लागेल. तरीही या आजाराची तक्रार घेऊन आलेली आई दारातच म्हणते, “दुधाचेच दात हायेत, पडनारच हायेत, पन रात्रभर झोपू देत नाही म्हणून आनलं.”

दुधाचे दात पडतात हे खरे. पण कधी पडतात? समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. दाढा मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात. तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ लेकराने आणखी सात-आठ वर्षे तोंडात वागवायची असते. या काळात ते एका बाजूने चावते, भाकरी नको म्हणते, मऊ आणि गोड तेवढे मागते. झोप मोडते, वजन वाढत नाही. मुळाशी पू झाला तर त्याच्या खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा होते. तो दात डाग घेऊन, कधी अर्धवट आवरण घेऊन बाहेर येतो. आणि सहाव्या वर्षी सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. शेजारच्या किडक्या दाढेची घाण तिला आल्या दिवसापासून लागते.

आता लाळेकडे येते.

आज घरी गेल्यावर दोन-तीन वर्षांच्या लेकराला मांडीवर आडवे घ्या आणि त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचला. ज्या लेकराला लहान वयातच कीड लागते, त्याचे वरचे समोरचे चार दात आधी जातात. सुरुवातीला हिरडीलगत खडूच्या रंगाचा पांढरा पट्टा दिसतो. तो पिवळा होतो, मग तपकिरी, आणि वर्षभरात दाताच्या जागी काळे खुंट राहतात. त्याच लेकराचे खालचे समोरचे चार दात पाहा. बहुतेक वेळा ते शाबूत असतात. तोंड तेच, दूध तेच, बिस्किटे तीच. मग फरक कशाचा? जिभेच्या खाली असलेल्या लाळग्रंथींच्या नळ्या खालच्या समोरच्या दातांच्या अगदी मागे उघडतात. ते दात रात्रंदिवस लाळेत भिजत असतात, आणि चोखताना जीभ त्यांच्यावर पसरलेली असते. वरच्या ओठामागच्या दातांची जागा मात्र तोंडात लाळेचा प्रवाह सर्वांत मंद असलेल्या जागांपैकी एक. तिथे गोड पडले की पडून राहते. लाळ काय करते याचा एवढा उघड पुरावा प्रयोगशाळेतही सहज मिळत नाही.

दुसरा पुरावा दुःखाचा आहे आणि तो आपल्या विदर्भात फार दिसतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यामुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला किरणोपचार देतात. त्या किरणांनी कानापुढच्या लाळग्रंथी निकामी झाल्या की काही महिन्यांत चांगले धडधाकट दात हिरडीलगत कापल्यासारखे किडून तुटतात. माणूस साखर पूर्वीपेक्षा जास्त खात नसतो. त्याच्या तोंडात फक्त लाळ उरलेली नसते.

अशी ही लाळ. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात दाताला लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, आम्ल मारणारे बायकार्बोनेट आहे, पिठूळ पदार्थ पचवायला सुरुवात करणारे विकर आहे, जंतूंच्या भिंती फोडणारे लायसोझाइम आहे. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने त्याच्याही आधी, १९२२ साली, हे लायसोझाइम शोधले होते, आणि ते त्याला लाळेतही सापडले होते.

दातात किडा असतो ही समजूत आपल्याकडे जुनी. आयुर्वेदात कृमिदंत आहे. खेड्यापाड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडल्याचे दाखवतात. ही समजूत आपलीच नव्हे. बॅबिलोनपासून युरोपपर्यंत सगळ्यांची होती. फ्रान्समधला दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात लिहिले की सूक्ष्मदर्शकातून शोधूनही त्याला असा किडा दिसला नाही. खरे कारण दाखवले ते विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने, बर्लिनमध्ये. त्याने काढलेले दात घेतले, ते लाळेत ठेवले, लाळेत पाव किंवा साखर मिसळली आणि शरीराच्या तापमानाला ठेवून दिले. दात मऊ पडले. मग तीच लाळ उकळून घेतली आणि तोच प्रयोग केला. दाताला काही झाले नाही. उकळल्याने लाळेतले जंतू मेले होते. जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल करतात आणि आम्ल दात विरघळवते, हे त्याने १८९० साली ग्रंथरूपाने मांडले. म्हणजे लाळेच्या घरात जंतूही राहतात आणि जंतूंना आवरणारेही राहतात. दाताचे काय होणार हे त्या दोघांच्या रोजच्या हिशेबावर ठरते.

तो हिशेब मोजता येतो. माती परीक्षणाच्या अहवालात सामू लिहिलेला असतो तो तुम्ही पाहिलाच असेल. तोंडाचाही सामू असतो. एरवी सातच्या आसपास. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन याने १९४० च्या दशकात दातावरच्या थरात बारीक विद्युताग्र ठेवून तो मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच सामू ५.५ च्या खाली उतरला. साडेपाच ही धोक्याची रेषा. तिच्याखाली दाताच्या आवरणातले क्षार विरघळून बाहेर पडू लागतात. मग लाळ कामाला लागते. बायकार्बोनेट आम्ल मारते, नवी लाळ गोडवा धुऊन नेते, आणि अर्ध्या-पाऊण तासात, कधी तासाभरात, सामू पुन्हा वर येतो. वर आल्यावर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत बसते. मघाशी सांगितलेला पांढरा पट्टा या टप्प्यावर थांबवता येतो, भरूनही येतो. दात रोज झिजतो आणि रोज दुरुस्त होतो. कीड लागते ती दुरुस्तीला वेळ मिळेनासा झाला की.

गेल्या वीसेक वर्षांत या दुरुस्तीच्या कामातला आणखी एक भाग तपासला जाऊ लागला आहे. तो म्हणजे लाळेतले अँटिऑक्सिडंट. हा शब्द आता चहाच्या पाकिटापासून चेहऱ्याला लावायच्या मलमापर्यंत सगळीकडे छापलेला असतो, म्हणून तो नीट समजून घेऊ.

प्राणवायू वापरताना शरीरात काही फार चंचल रेणू तयार होतात. त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो आणि जोडी मिळवण्यासाठी हा रेणू शेजारच्या कशावरही झडप घालतो, मग ते पेशीचे आवरण असो, प्रथिन असो की डीएनए. जंतूंशी लढताना आपल्या पांढऱ्या पेशी असे रेणू मुद्दामही सोडतात. त्यांना स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. लाळेत त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे सत्तर टक्के किंवा जास्त, युरिक ॲसिडचा असतो. होय, पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजवणारे म्हणून रक्तात तपासतात तेच. बाकी क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, अल्ब्युमिन आणि काही विकरे.

मोजायची रीत साधी आहे. सकाळी, काही खाऊन तासभर तरी उलटल्यावर, मुलाला छोट्या नळीत लाळ गोळा करायला सांगतात. नळी यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवतात. वरच्या निवळ लाळेत लोहाचे एक संयुग घालतात. लाळेतल्या अँटिऑक्सिडंटनी त्या लोहाला इलेक्ट्रॉन दिले की द्रावण निळे होते. निळा जितका गडद, तितकी लाळेची एकूण क्षमता जास्त. याखेरीजही पद्धती आहेत, पण तत्त्व हेच. सुई नाही, रक्त नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत संशोधकांना ही तपासणी फार सोयीची वाटते.

आता अंदाज करा. किडलेल्या दातांच्या मुलाच्या लाळेत ही क्षमता कमी असेल की जास्त? कमी असेल, असेच कुणालाही वाटेल. लाळ कमजोर, म्हणून दात किडले. तुर्कस्तानात अंकाऱ्याला २००६ मध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, मंगळुरूच्या दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००९ मध्ये निरोगी दातांची मुले, लहान वयात कीड लागलेली मुले आणि सगळे तोंड किडलेली मुले यांच्या लाळेची तुलना प्रसिद्ध केली. इराणमध्ये हमदानला हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. तिन्ही ठिकाणी कीड असलेल्या मुलांच्या लाळेत एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता जास्त निघाली. पुढे अनेक ठिकाणी हे तपासले गेले. काही अभ्यासांत उलटही आढळले, पण “जास्त” असे सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

हे जास्त प्रमाण कुठून येते? या अभ्यासांत लाळ एकदाच घेतलेली असते, त्यामुळे आधी कीड की आधी वाढलेली क्षमता हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. वय वाढते तशी ही क्षमता वाढते हे मंगळुरूच्या अभ्यासातही दिसले. लाळ घट्ट झाली, कमी सुटली, तर तिच्यातल्या सगळ्याच गोष्टींचे प्रमाण जास्त भरते. हिरडी सुजलेली असेल तर रक्तातला द्रव तोंडात झिरपतो आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिने सोबत आणतो. हे सगळे लक्षात घेऊनही बऱ्याच संशोधकांनी लावलेला आणि मला स्वतःला पटणारा अर्थ असा: तोंडात जंतूंचा भार वाढला की लाळ त्याला उत्तर देते. त्या लेकराची लाळ दुबळी नाही. ती जास्त राबते आहे आणि तरीही पुरी पडत नाही.

दवाखान्यात आई विचारते, आमच्या पोरालाच का, त्याच्या अंगातच काही कमी आहे का? हा प्रश्न मी फार ऐकला आहे आणि तो विचारताना आईचा चेहरा कसा होतो तेही पाहिले आहे. बाई, तुझ्या पोराच्या अंगात कमी काही नाही. त्याच्या लाळेवर काम फार पडते आहे. ते कमी करू या.

अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगले आणि ऑक्सिडंट म्हणजे वाईट, अशी सरळ वाटणी तोंडात चालतही नाही. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस कुळातले काही जंतू निरुपद्रवी आहेत. ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, म्हणजे चक्क एक ऑक्सिडंट, आणि त्याने स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स या कीड लावणाऱ्या मुख्य जंतूला दाबून ठेवतात. हा म्यूटन्स जंतू क्लार्क नावाच्या संशोधकाने १९२४ साली ओळखला. पुढची गंमत लाळेची. तिच्यातले पेरॉक्सिडेज हे विकर तेच पेरॉक्साइड उचलते, लाळेतल्या थायोसायनेटशी जोडते आणि जंतूंना रोखणारे एक नवे रसायन तयार करते. एकाच फटक्यात पेरॉक्साइडचा त्रासही मिटतो आणि जंतूंविरुद्ध हत्यारही मिळते. इतकी बारीक घडी निसर्गाने बसवलेली असताना वरून एखादे अँटिऑक्सिडंटचे सिरप ओतून ती सुधारेल, असे मानायला आज आधार नाही. मुलाच्या दातांसाठी म्हणून असे औषध कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्या पैशात पेरू घ्या, बोरे घ्या, आवळे घ्या. शरीराला लागणारे क जीवनसत्त्व त्यात आहेच, आणि चावावे लागते हा त्याहून मोठा फायदा. चावताना सुटणारी लाळ नुसत्या बसल्या जागी सुटणाऱ्या लाळेपेक्षा जास्त असते आणि तिच्यात बायकार्बोनेटही जास्त असते. ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे हे या दृष्टीने लाळेचे मित्र आहेत. अगदी लहान लेकराला शेंगदाणा-फुटाणा अख्खा देऊ नका, घशात अडकतो.

मग लाळेवरचे काम वाढते कशाने? आपल्याच गावातल्या तीन वर्षांच्या लेकराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. उठल्यावर चहात बुडवलेला टोस्ट. आंघोळीनंतर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, तो एका बैठकीत संपत नाही, हातात धरून अंगणभर फिरत चालतो. आजोबा बाजारात गेले की गोळ्या. दुपारी रडले की पुन्हा बिस्कीट. पाहुणे आले की चहा, आणि त्यात आपल्याकडे साखर सढळ. संध्याकाळी कुरकुरीत पाकीट. झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. साखर एकूण किती झाली हा प्रश्न नंतरचा; तोंडाचा सामू किती वेळा खाली गेला ते मोजा. एकदा खाली गेला की वर यायला अर्धा तास ते तासभर. तो वर येण्याआधीच पुढचा घास. दिवसभरात दुरुस्तीला सवड मिळतच नाही.

गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्ले हे महत्त्वाचे, हे जगाला कळले ते स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या प्रयोगातून. १९४५ ते १९५३ या काळात मतिमंद रुग्णांच्या संस्थेत तो झाला. काही रुग्णांना जेवणाबरोबर साखर दिली, काहींना दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या दिल्या. टॉफीवाल्यांचे दात झपाट्याने किडले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांना फार कमी कीड लागली. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा माणसांचे दात मुद्दाम किडवून मिळालेले हे ज्ञान आहे. असा प्रयोग कुणी कधीही करायला नको होता. पण त्यांनी एवढी किंमत दिल्यावर निदान त्यातले शहाणपण तरी आपण वाया घालवू नये.

आपला तालुका उसाचा. पोफाळीच्या वसंत साखर कारखान्याने या भागात काय बदल घडवला ते तुम्हाला मी सांगायला नको. साखर खाऊच नका असे सांगायला मी आलेली नाही. ते कुणी ऐकणारही नाही. सणाला पुरणपोळी होऊ द्या, जेवणात गूळ-पोळी द्या. गुळाचा दाताशी वागण्याचा धर्म मात्र साखरेचाच आहे, गूळ म्हणून सूट नाही. फक्त गोड जेवणाबरोबर द्या, आणि दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास तोंड रिकामे राहू द्या. मधे तहान लागली तर साधे पाणी. ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यावरच्या आईला हे पाळणे अवघड आहे हे मला माहीत आहे. फडात काम करताना लेकरू शांत ठेवायला हाताशी बिस्किटाचा पुडाच असतो. तिला दोष देऊन उपयोग नाही. फडावर पाळणाघर आणि गरम अन्न मिळेल तेव्हाच तिच्या लेकराच्या लाळेला सवड मिळेल. ही दातांच्या डॉक्टरने करायची मागणी नाही असे कुणी म्हणेल, पण मी ती करते.

सगळ्यात घातकी वेळ रात्रीची. पैनगंगेकाठच्या शेतात तुम्ही डुकरांसाठी जागलीला जाता. जागल्या झोपला त्या रात्री पीक कसे जाते ते तुम्ही पाहिले आहे. लाळेचे तसेच आहे. गाढ झोपेत ती जवळजवळ सुटतच नाही. त्या वेळी वरच्या दातांवर साखरेच्या दुधाचा थर असेल तर जंतूंना सकाळपर्यंत कुणी अडवणारे नसते. म्हणून बाटली बंद, विशेषतः रात्रीची. वर्षाच्या पुढे दूध पेल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावे. अंगावरचे दूध बंद करा असे मी म्हणत नाही; दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही ते द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र दात आल्यावर रात्री झोपण्याआधी ते पुसा, घासा. मधात बुडवलेली चोखणी कधीच देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नको, त्यात दातांपलीकडचा धोका आहे.

आणखी एक गोष्ट आयांसाठी आणि आज्यांसाठी. लेकराच्या तोंडात म्यूटन्स जंतू जन्मतः नसतो. तो बहुतेक वेळा घरच्याच माणसाच्या, पुष्कळदा आईच्या लाळेतून जातो. पेज कॉफील्ड या अमेरिकन संशोधकाने १९९३ मध्ये दाखवले की साधारण दीड ते अडीच वर्षांच्या वयात तो जास्त करून घर करतो. घास आधी आपल्या तोंडात चावून भरवणे, चमचा चाटून तोच लेकराला देणे, या मायेच्या सवयी आहेत, पण आपले दात किडलेले असताना त्या टाळाव्यात. त्याहून बरे म्हणजे आईने गरोदरपणातच स्वतःचे दात दाखवून घ्यावेत. आणि मिश्रीने लेकराचे दात घासू नका. दाढ दुखते म्हणून पोराच्या हिरडीला तंबाखूची राख लावलेली मी पाहिली आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू.

टूथपेस्टच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. दात वाचवायला फ्लोराइड लागते. पण पांढरकवडा, झरी-जामणी या भागातल्या कित्येक विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून जास्त पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले की कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, आणि फार जास्त गेले तर हाडे वाकतात. तो आजार कीड नव्हे. डाग दिसले म्हणून दात किडला असे समजू नका, आणि डाग घासून काढायला राख-वीटही वापरू नका. अशा पाण्यावर उपाय म्हणजे पाणी तपासून स्रोत बदलणे. पेस्ट सोडणे हा उपाय नव्हे, कारण पेस्ट पोटात जायची नसते. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि ब्रश आईच्या हातात. घासून झाल्यावर थुंकायला शिकवा. पाण्याने खळखळून चूळ भरू नका, थोडे फ्लोराइड लाळेत राहू द्या. सामू वर आल्यावर दातात क्षार परत बसवायला लाळेला त्याचीच मदत होते. सकाळी राहिले तर राहिले, रात्रीचे घासणे चुकवू नका.

ज्यांचे दात आधीच किडले आहेत त्यांचे काय? नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत, पण ढाणकीतून लेकरू घेऊन तिथे जायचे म्हणजे मजुरी बुडते. म्हणून बहुतेक जण दुखणे असह्य झाल्यावर उमरखेड, पुसद किंवा नांदेड गाठतात आणि दात काढून परततात. आता याहून सोपा मार्ग आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध किडलेल्या जागी काडीवरच्या कापसाने मिनिटभर लावले की बहुतेक दातांतली कीड तिथेच थांबते. मशीन नाही, सुई नाही, वीजही लागत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ते विकसित झाले आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याचा एक दोष आहे: किडलेला भाग कायमचा काळा होतो. समोरचे दात काळे दिसतील म्हणून आया नको म्हणतात, विशेषतः मुलगी असेल तर. मी त्यांना सांगते की काळा पण न दुखणारा दात सातव्या वर्षी पडून जाईल. दुखणे आणि रात्रीची जागरणे टळतील. खड्डा असेल तर हाताच्या अवजाराने मऊ भाग खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरायचे. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या भागासाठीच तयार झाली. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुले तपासतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. पथक आले की मुलाचे वजन, उंची, डोळे पाहून होते आणि घाईत तोंड राहून जाते. तसे होऊ देऊ नका. अंगणवाडीताईंनी पथकाला वरचा ओठ उचलून पाहायला सांगावे, पांढरा पट्टा दिसला की नाव लिहून घ्यावे आणि त्या आईला रात्रीच्या बाटलीबद्दल त्याच दिवशी विचारावे. पहिलीच्या वर्गशिक्षकांनी सहाव्या वर्षीची ती मागची दाढ आली का हे वर्षातून दोनदा पाहावे. त्याला बॅटरीचा उजेड पुरतो. नगरपंचायतीने शाळेच्या फाटकासमोरच्या गाड्यांचे काय करायचे ते ठरवावे. आणि उमरखेडच्या सरकारी रुग्णालयात सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडची बाटली आहे की नाही, नसेल तर केव्हा येईल, हे या सभेतल्या जाणत्या मंडळींनी लेखी विचारावे. एका छोट्या बाटलीत कितीतरी लेकरांचे दात होतात.

माझे बोलणे इथे थांबवते. प्रश्न असतील ते आता विचारा. ज्यांनी लेकरांना सोबत आणले आहे त्यांनी नंतर बाजूच्या खोलीत यावे. आरसा आणि बॅटरी आणली आहे. प्रत्येकाचे तोंड पाहून मगच मी निघेन.